महेश्वरची आजी



पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. राज्यकर्त्या म्हणून, मंदिरं बांधणाऱ्या म्हणून. मला मात्र हल्ली त्या आठवतात त्या आजी म्हणून. आमच्या मंदिरात आरतीनंतर ओट्यावर बसणारे आम्ही बहुतेक आजी-आजोबाच. देवाचं इतकं करूनसुद्धा आपल्याच घरी असं का, हा प्रश्न तिथे कुणी ना कुणी काढतोच. तो प्रश्न निघाला की मला महेश्वरच्या या आजी आठवतात.

महेश्वर आपल्या संप्रदायाला परकं नाही. जुनी माहिष्मती ती हीच असं मानतात, म्हणजे दत्तप्रभूंचा लाडका शिष्य कार्तवीर्य सहस्रार्जुन याची राजधानी. त्याच्या राजराजेश्वर मंदिरात अकरा नंदादीप अखंड तेवत असतात. दत्तात्रेयांनी ज्याला हजार हात दिले त्याच्या गावात बसून या बाईंनी आपल्या दोन हातांनी केवढं काम केलं!

जन्म १७२५ चा, आपल्या नगर जिल्ह्यातल्या चौंडीचा. वडील माणकोजी शिंदे. आठव्या वर्षी मल्हारराव होळकरांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी लग्न झालं. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. बाई सती जायला निघाल्या होत्या. सासऱ्यांनी अक्षरशः विनवण्या करून त्यांना मागे फिरवलं. म्हाताऱ्या सासऱ्याचा मुलगा आता तूच, अशा अर्थाचं ते बोलले म्हणतात. १७६६ मध्ये मल्हाररावही गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव गेला. राघोबादादांचं प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, ते इथे सांगत बसत नाही. सैन्याचा भार तुकोजी होळकरांवर देऊन बाईंनी महेश्वरला नर्मदाकाठी बिऱ्हाड केलं आणि तिथून जवळजवळ अठ्ठावीस वर्षं कारभार पाहिला. राज्य शंकराचं, आपण नुसत्या कारभारीण, ही त्यांची भावना. हुकूमसुद्धा श्रीशंकराच्या नावाने निघत.

आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेल्यामुळे असेल, मला त्यांची एक गोष्ट फार भावते. होळकरांकडे दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा. पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी लावून दिली होती, ती त्यांच्यामागे अहिल्याबाईंकडे आली. दानधर्माचा मोठा खर्च या खासगीतून होई. १७८० मध्ये काशी विश्वेश्वराचं मंदिर, पुढे सोमनाथाचं, गयेला विष्णुपद, आपल्याकडे वेरूळचं घृष्णेश्वर, शिवाय घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं. दूरदूरच्या देवस्थानांना गंगेच्या कावडी जात. मोहिमेवरून तुकोजींची पैशाची मागणी सारखी येई, त्यावरून दोघांत कुरबुरीही होत, पण बाई हिशेब मागायला कचरत नसत. देवाच्या नावाचा पैसा आणि लष्कराचा पैसा एका पिशवीत घालायचा नाही म्हणजे नाही. आजकाल देवस्थानांच्या जमाखर्चाबद्दल काय काय कानावर येतं, असो.

आता नातवाचं. मुलगी मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. तिला एकच मुलगा, नथ्याबा. स्वतःचा मुलगा गेल्यावर बाईंचा सगळा जीव या नातवात गुंतला. ज्या घरात एकामागून एक माणसं जातात त्या घरात नातवंड म्हणजे काय असतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. हा नातू ऐन तारुण्यात महेश्वरलाच वारला. वर्षभराने, १७९१ मध्ये, जावई गेले आणि मुक्ताबाईंनी सती जायचं ठरवलं.

हा प्रसंग जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने जुन्या माणसांकडून ऐकून लिहून ठेवला आहे. बाई मुलीच्या पायांशी पडल्या. मला एकटीला टाकून जाऊ नकोस म्हणून आपल्या देवाची शपथ घालून विनवलं. मुलगी शांतपणे म्हणाली की आई, तू म्हातारी झालीस, थोड्या वर्षांत तूही जाशील. माझा नवरा गेला, मुलगा गेला, तुझ्यामागे मी कुणासाठी जगू? ज्या बाईंना सासऱ्यांनी चितेवरून परत आणलं, त्यांना स्वतःची मुलगी परत आणता आली नाही. हे वाचताना मला पुढे जाववत नाही. तिचं जाणं पुण्याचं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. ती क्रूर चाल होती आणि तिने एका म्हातारीचं शेवटचं माणूस नेलं.

बाई चितेपर्यंत सोबत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला, त्या किंचाळल्या, हात सोडवता येईनात म्हणून स्वतःचेच हात चावू लागल्या. इतकी वर्षं रोज पूजा, पुराण, दान केलेली बाई ही! भक्ताला रडू येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर वाचावं. मग नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात गेल्या. तीन दिवस अन्न नाही, तोंडातून शब्द नाही.

चौथ्या दिवसापासून मनात काय चाललं असेल ते त्यांचा शंकर जाणे. मुलगी-जावयाच्या स्मरणार्थ त्यांनी सुंदर वास्तू उभारली. पूजा थांबली नाही, कज्जे ऐकणं थांबलं नाही, अन्नछत्रं बंद पडली नाहीत. देवाने दिलं म्हणून त्या देवाचं करत नव्हत्या, त्यामुळे देवाने नेलं म्हणून सोडायचा प्रश्नच आला नसावा, असं मला आपलं वाटतं. पुढे चारएक वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीला, वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वरलाच त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या वाड्यात लिंगार्चन अजून चालू आहे. काळ्या मातीची इवली इवली शिवलिंगं पाटावर मांडतात, पूजा करतात आणि नर्मदेत सोडून देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती मळायला बसतात. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला निघालात तर वाट वाकडी करून महेश्वरला एक मुक्काम जरूर करा, आणि वाड्यात सकाळीच जा.