दगडांच्या दरींतील पाळक : जॉन फ्रेडरिक ओबर्लिन

फ्रान्स देशाच्या आल्सास प्रांतांत व्होज नांवाचे डोंगर आहेत. त्यांतील एका उंच व थंड मुलखास जर्मन भाषेंत दगडांची दरी अशा अर्थाचें नांव आहे. इ. स. १७४० त स्ट्रासबूर्ग शहरीं जन्मलेले ओबर्लिनसाहेब इ. स. १७६७ त त्या मुलखांतील वाल्डर्सबाख गांवीं पाळक होऊन आले. पांच खेड्यांची मंडळी त्यांच्या हवालीं होती. जमीन खडकाळ, बटाट्याचें बियाणें निकस झालेलें आणि बाहेर जाण्यास धड रस्ता नाहीं. यामुळें लोक दारिद्र्यांत खितपत पडले होते.

रोथाऊ गांवाकडे रस्ता करावा व ब्रूश नदीवर पूल बांधावा, अशी गोष्ट पाळकसाहेबांनीं मंडळीपुढें काढिली. खडक फोडणें आपल्या शक्तीबाहेरचें आहे, असें म्हणून जो तो सबब सांगूं लागला. साहेबांनीं वाद घातला नाहीं. ते खांद्यावर कुदळ टाकून निघाले, आणि जी जागा सर्वांत अवघड व धोक्याची ती त्यांनीं आपल्याकडे घेतली. तें पाहून लोक लाजले व आपापलीं हत्यारें घेऊन आले. रस्ता झाला, पूलही झाला.

शेतीच्या बाबतींत शहरांतून आलेल्या मनुष्याचें कोण ऐकणार? म्हणून त्यांनीं पायवाटेच्या कडेची आपली हलकी जमीन निवडिली, खोल चर खणिले, खत घातलें आणि सफरचंद, चेरी, अक्रोड इत्यादि झाडें लाविलीं. जाणारे येणारे तीं फोफावलेलीं झाडें रोज पाहत. अखेरीस तेच लोक विचारावयास आले, आणि साहेबांनीं त्यांस कलमें करण्यास शिकविलें. पालापाचोळा, शेवाळ, फाटक्या चिंध्या, यांतील कांहींही वायां न घालवितां त्याचें खत करावें, असें ते सांगत. बटाट्याचें नवें बियाणेंही त्यांनीं बाहेरून आणविलें.

त्यांचा एक नियम विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. दृढीकरणासाठीं येणाऱ्या प्रत्येक मुलानें व मुलीनें दोन झाडें लाविल्याचा दाखला आणावा लागे. देवाची भक्ति आणि देवाच्या भूमीची निगा हीं निराळीं नाहींत, हा धडा मुलें अशा रीतीनें हातांनीं शिकलीं.

तेथील रानाच्या हक्कांविषयीं गांवकरी व जमीनमालक यांचा दावा ऐंशीं वर्षांहून अधिक काळ चालला होता. त्यांत उभय पक्षांचा नाश होत होता. ओबर्लिनसाहेबांनीं मध्यस्थी केली, आणि इ. स. १८१३ त समेट झाला. ज्या लेखणीनें सही झाली ती त्यांस अर्पण करण्यांत आली.

इ. स. १८१८ त पॅरिस येथील राजकीय कृषि मंडळीनें त्यांस सुवर्णपदक दिलें. ता. १ जून १८२६ रोजीं, एकोणसाठ वर्षांच्या सेवेनंतर, ते प्रभूमध्यें निजले. फूदे गांवच्या मंदिराजवळ त्यांची कबर आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, ओबर्लिनसाहेबांपाशीं आरंभीं धन नव्हतें, आणि त्यांची मंडळीही तयार नव्हती. एक कुदळ होती, आणि ती प्रथम उचलणारा हात होता. आपल्या मंदिराच्या अंगणांत, विहिरीच्या कांठीं व ओढ्याच्या बांधावर असें काम पडलेलें आहे. तें दुसऱ्यानें करावें म्हणून आपण वाट पाहत आहों काय?