दिव्यामागची नोंदवही

दरवर्षी १२ मे रोजी रुग्णालयांतून मेणबत्त्या उजळतात, परिचारिका शपथ घेतात आणि हाती दिवा घेतलेल्या एका स्त्रीच्या तसबिरीला हार घातला जातो. तसबिरीतला दिवा बहुधा अल्लाउद्दीनच्या गोष्टीतल्या दिव्यासारखा असतो. प्रत्यक्षात तो घडी घालता येणारा साधा तुर्की कंदील होता. शपथही फ्लॉरेन्स नाइटिंगेलची नव्हे. ती १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तयार झाली आणि तिला केवळ तिचे नाव देण्यात आले. नव्वद वर्षांच्या आयुष्यातील जेमतेम पावणेदोन वर्षे फ्लॉरेन्सने युद्धभूमीवरील रुग्णालयांत काढली. त्यानंतरची कित्येक दशके ती कागद, कोष्टके आणि अहवाल यांच्या ढिगाऱ्यात बसून एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करीत राहिली. बरे होण्यासाठी रुग्णालयात आलेला माणूस रुग्णालयामुळेच का दगावतो, हा तो प्रश्न. या प्रश्नाचे सर्वांत कटू उत्तर तिला स्वतःच्याच रुग्णालयाच्या आकड्यांत सापडले, ही गोष्ट मात्र हार घालणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

तिचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला आणि शहराचेच नाव तिला मिळाले. घराणे श्रीमंत; डर्बीशायर आणि हॅम्पशायर अशा दोन ठिकाणी प्रशस्त घरे. वडिलांनी दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान असे मुलग्यांना शोभणारे शिक्षण घरीच दिले. फ्लॉरेन्सला ओढ होती ती गणिताची, आणि आईला त्याचे काहीच कौतुक नव्हते. सतराव्या वर्षी ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले असल्याची तिची खात्री झाली. पण ती सेवा रुग्णांची, हे घरच्यांना कळले तेव्हा घर अक्षरशः हादरले. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालयांत काम करणाऱ्या बायकांची ख्याती अडाणी आणि मद्यपी अशी होती. तिने एक चांगले स्थळही नाकारले. पहाटे उठून, घर झोपेत असताना, ती रुग्णालयांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल चोरून वाचत असे. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे जे काही शिक्षण तिला मिळाले ते जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे, १८५१ मधील अवघ्या तीन महिन्यांचे.

१८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी कुलीन स्त्रियांच्या एका संस्थेची ती अधीक्षक झाली. हे पर्व चरित्रकार सहसा दोन ओळींत आटोपतात. तिची कामाची पद्धत मात्र येथेच प्रथम दिसते. कामावर रुजू होण्यापूर्वीच तिने व्यवस्थापक समितीकडे तीन मागण्या केल्या. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी हवे, स्वयंपाकघरातून वर जेवण नेणारा पाळणा हवा, आणि रुग्णांच्या घंटा अशा हव्यात की घंटा वाजताच त्या रुग्णाची झडप उघडावी आणि उघडीच राहावी. म्हणजे परिचारिका धावत येईपर्यंत आवाज विरला तरी हाक कोणी मारली ते समजेल. रुग्णाची हाक हवेत विरून जाता कामा नये, तिची खूण मागे उरली पाहिजे, हा विचार आजच्या अतिदक्षता विभागातल्या दिव्यांमागेही आहे. या समितीच्या प्रमुख लेडी कॅनिंग पुढे गव्हर्नर जनरलच्या पत्नी म्हणून हिंदुस्थानात आल्या आणि १८६१ मध्ये कलकत्त्यास वारल्या.

१८५४ च्या शरद ऋतूत क्रिमियन युद्धातील जखमी सैनिकांच्या हालअपेष्टांच्या बातम्या ‘द टाइम्स’मध्ये झळकल्या आणि इंग्लंड संतापले. युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून ती ३८ स्त्रियांना घेऊन निघाली आणि ४ नोव्हेंबर रोजी इस्तंबूलसमोरील स्कुटारीच्या बराक रुग्णालयात पोहोचली. लष्करी डॉक्टरांनी त्यांचे स्वागत केले नाही. तिनेही घाई केली नाही. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज एकाही परिचारिकेने रुग्णाला हात लावायचा नाही, असा तिचा दंडक होता. जखमींनी भरलेल्या दालनांच्या शेजारी तिच्या बायका पट्ट्या शिवत बसून राहिल्या. तो निर्णय निष्ठुर वाटतो आणि काही सोबतिणींनाही तसाच वाटला. पण इंकरमनच्या लढाईनंतर जखमींचा लोंढा आला तेव्हा डॉक्टरांनीच तिला बोलावले. पुढेही कोणतीही वस्तू मागायची तर ती डॉक्टरांच्या सहीच्या चिठ्ठीवर, हा नियम तिने कटाक्षाने पाळला. स्वयंपाकघर, धुलाईघर, स्वच्छ कपडे, मृत सैनिकांच्या घरी पत्रे, हे सारे तिने उभे केले. रात्री कंदील घेऊन ती खाटांच्या रांगांमधून फिरे. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिचे तसे चित्र लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आले आणि ती दंतकथा झाली.

त्याच फेब्रुवारीत स्कुटारीतील मृत्यूचे प्रमाण ४२.७ टक्क्यांवर पोहोचले होते.

म्हणजे दंतकथा आणि मृत्यू दोन्ही एकाच महिन्यात कळसाला गेले. बराक रुग्णालय तुंबलेल्या गटारांवर उभे होते. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. त्यांनी गटारे धुवून काढली, शेकडो हातगाड्या कचरा हलवला, पाण्याच्या मार्गातील मेलेली जनावरे उपसली, भिंतींना चुना दिला आणि छपरांना हवेची वाट केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांवर आले. त्या वेळी फ्लॉरेन्सला या घसरणीचे खरे कारण उमगले होते का? अलीकडच्या काही अभ्यासकांच्या मते, नाही. अपुरे अन्न, थकवा आणि सरकारी अनास्था यांनीच सैनिक मारले, अशी तिची समजूत परतल्यावरही काही काळ कायम होती.

ऑगस्ट १८५६ मध्ये, स्वागत समारंभ टाळून, ती गुपचूप घरी आली. क्रिमियात जडलेल्या तापाने तिचे शरीर खिळखिळे झाले होते. पुढची कैक वर्षे ती अंथरुणावरूनच काम करणार होती. जन्ममृत्यूंच्या नोंदणी खात्यातील विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञासह तिने लष्करी आकडे तपासायला घेतले, तेव्हा पहिली अडचण नोंदींचीच आली. स्कुटारीतील मृत्यूंच्या नोंदी तीन वेगवेगळ्या ठिकाणी होत्या आणि एकीचा मेळ दुसरीशी बसत नव्हता. माणसे मेली होती, पण किती, हे छातीठोकपणे सांगणारा एकही कागद नव्हता. आकडे जुळवता जुळवता चित्र स्पष्ट झाले. आघाडीवरच्या तंबूंतील मोडक्यातोडक्या रुग्णालयांपेक्षा स्कुटारीत, म्हणजे तिच्याच देखरेखीखालील रुग्णालयात, अधिक माणसे दगावली होती. मृत्यूही बहुतेक जखमांनी झालेले नव्हते. ते जुलाब, कॉलरा आणि ताप यांचे होते, टाळता येण्यासारखे.

देशभर आपली पूजा चालू असताना हे कळणे म्हणजे काय असेल याची कल्पना करावी. गप्प राहणे सोपे होते, कारण विचारणारे कोणी नव्हते. तिने उलट केले. राजघराण्याच्या आश्रयाने नेमलेल्या चौकशी आयोगासाठी आठशेहून अधिक पानांचा अहवाल लिहिला आणि त्यात स्कुटारीचे आकडे झाकले नाहीत. मंत्र्यांना कोष्टके वाचण्याचा कंटाळा असतो हे ओळखून तिने वर्तुळाकार आकृती आखल्या. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. निळा रंग टाळता येणाऱ्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्या पाकळ्यांपुढे लाल भाग नखाएवढा दिसे. शांततेच्या काळात, इंग्लंडच्या बराकींतसुद्धा, धडधाकट तरुण सैनिक सामान्य तरुणांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हेही तिने दाखवून दिले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सदस्यत्व दिले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

आकड्यांनी तिलाही एकदा दगा दिला. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात म्हणून तिने तयार केलेले तक्ते १८६० च्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेत मान्य झाले. परंतु रुग्णालयांवरील तिच्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत लंडनच्या रुग्णालयांतील मृत्यूचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक छापले गेले. वर्षभरातील मृत्यूंना एका दिवशी दाखल असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागल्याचा हा प्रताप होता. डॉक्टरांनी त्यावर झोड उठवली आणि ती रास्तच होती.

१८६० च्या आरंभी तिचे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे छोटेखानी पुस्तक आले. ते व्यावसायिक परिचारिकांसाठी नव्हे, घरोघरी आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांसाठी होते. हवा, प्रकाश, स्वच्छता, दिवसातून वारंवार हात धुणे हे त्यात आहेच. खरे नवल आहे ते निरोप आणि निरीक्षण यांवरच्या प्रकरणांत. परिचारिका स्वतः हजर असताना सगळे नीट होते; ती पाठ फिरवते तेव्हा रुग्णाचे नुकसान होते, हे तिने हेरले. म्हणून आपल्या गैरहजेरीत कोण काय करील, याची तजवीज आधीच लावून ठेवणे हे जबाबदार माणसाचे पहिले काम, असे तिचे सांगणे होते. पाळी बदलताना दिवसाच्या परिचारिकेने रात्रीच्या परिचारिकेला रुग्णाची समग्र माहिती द्यावी, ही आजची शिस्त याच जातकुळीतली. रुग्णाची रात्र चांगली गेली का, असे विचारणेही तिला मान्य नव्हते. दहा तास झोप न मिळाल्यास एखाद्याची रात्र वाईट असते, तर डुलक्यांवर दुसरा समाधानी असतो. तेव्हा किती तास झोपला आणि कोणत्या वेळी, हे विचारावे. दाराआड कुजबुजू नये, रुग्णाशी पाठीमागून किंवा चालता चालता बोलू नये, त्याला दिसेल असे समोर बसावे. दीडशेहून अधिक वर्षांनंतर या सूचना वाचताना आपल्याकडच्या गजबजलेल्या वॉर्डांतील खाटेभोवतीचा गलका आठवल्यावाचून राहत नाही.

जनतेने जमवलेल्या निधीतून १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात तिची परिचारिका शाळा सुरू झाली. तिचा गाजावाजा खूप झाला, पण १८७० नंतर फ्लॉरेन्सने बारकाईने चौकशी केली तेव्हा शिक्षण बऱ्याच अंशी कागदोपत्रीच चालल्याचे आढळले. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट त्याआधीच घडून गेली होती. किंग्ज कॉलेज रुग्णालयात तिच्याच निधीतून सुइणींच्या शिक्षणासाठी एक प्रसूतिकक्ष उघडला होता. गरीब बायकांना चांगली सोय मिळावी हा हेतू. तेथे सूतिकाज्वराने बाळंतिणी दगावू लागल्या आणि १८६७ मध्ये तिने तो कक्ष बंद करविला. मग ती जगभरातील आकडे गोळा करण्याच्या मागे लागली. घरी बाळंत होणाऱ्या बायकांपेक्षा मोठ्या प्रसूतिगृहांत कितीतरी अधिक बायका मरतात, असा निष्कर्ष तिने १८७१ च्या पुस्तकात मांडला आणि आपल्या बंद पडलेल्या कक्षाची हकीकत त्यात लपवली नाही. हे पुस्तक तिने सॉक्रेटिसच्या आईला अर्पण केले. ती सुईण होती.

जंतूंचा सिद्धांत मात्र तिला फार उशिरा पटला. रोग दुर्गंधीतून, कुजक्या हवेतून उपजतो, अशी तिची दीर्घकाळ धारणा होती. कारणमीमांसा चुकीची, उपाय बरोबर, असा हा प्रकार. परिचारिकांची सरकारी नोंदणी आणि परीक्षा यांनाही तिचा विरोध होता. लेखी परीक्षेत माणुसकी कशी मोजणार, ही तिची शंका होती.

हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. तरीही १८५९ नंतर येथील लष्करी छावण्यांत छापील प्रश्नावल्या पाठवून तिने उत्तरांचे ढीग मागवले आणि ते स्वतः चाळले. येथील गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होतात, हे आयोगाच्या १८६३ च्या अहवालाने उघड केले. दहा वर्षांनी हा आकडा १८ वर आल्याचे तिने नोंदवले. पण छावणीचे पाणी शेजारच्या गावाच्या पाण्यापासून वेगळे करता येत नाही, हे तिच्या लवकरच ध्यानात आले, आणि तिचे लक्ष सैनिकांवरून रयतेकडे, दुष्काळाकडे, पाटबंधाऱ्यांकडे वळले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्याशी तिचा स्नेह जुळला. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही गावांच्या स्वच्छतेसंबंधी तिचा पत्रव्यवहार होता.

अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली, स्मृतीही मंदावली. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळाला, तोही प्रथमच एका स्त्रीला. पण तो समजण्याच्या स्थितीत ती फारशी नव्हती. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमधील राहत्या घरी तिचे निधन झाले. आपला देह वैद्यकीय अभ्यासासाठी द्यावा, असे तिने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. ते झाले नाही. वेस्टमिन्स्टर अॅबेत दफन करण्याचा प्रस्ताव मात्र कुटुंबाने तिच्या इच्छेनुसार नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात, आईवडिलांशेजारी, तिला पुरण्यात आले. दगडावर तिचे पूर्ण नाव नाही. एफ. एन. ही आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या दोन तारखा, एवढीच नोंद तेथे आहे.