हात थोडा मागे घ्यावा

खुब्याचं ऑपरेशन होऊन सासूबाई घरी आल्या, त्या दिवसापासून मी त्यांना खाटेवरून पाय खाली टाकू दिला नाही. पाणी हातात, घास तोंडात, वेणीसुद्धा मीच घालायची. बघायला येणाऱ्या बायका माझं कौतुक करायच्या. महिन्याभरात त्यांच्या पायांतलं बळ गेलं आणि बोलणंही कमी झालं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने एकदा मला बाजूला घेतलं आणि स्पष्टच सांगितलं, की तुमची सेवाच त्यांना अंथरुणाला खिळवतेय. फार लागलं मनाला! पण तिच्याच तोंडून मी डॉ. मार्जरी वॉरन हे नाव पहिल्यांदा ऐकलं, आणि मग मिळेल ते वाचत गेले.

वॉरनबाईंचा जन्म १८९७ सालचा, इंग्लंडमधला. डॉक्टर झाल्यावर १९२६ मध्ये त्या लंडनच्या पश्चिमेला असलेल्या आयझलवर्थच्या रुग्णालयात लागल्या. तेच पुढे वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटल झालं. शेजारी एक वर्कहाऊस होतं, म्हणजे निराधारांना ठेवण्याची जागा. १९३५ मध्ये तिथले आजाऱ्यांचे वॉर्ड बाईंच्या ताब्यात आले. एकूण ७१४ माणसं! त्यांत कितीतरी म्हातारी, पक्षाघात झालेली, वर्षानुवर्षं पडून राहिलेली. ही आता उठायची नाहीत, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.

बाईंनी ते धरलं नाही. त्यांनी एकेकाला नीट तपासलं. कुणाला खरंच काय झालंय आणि कोण नुसतं पडून राहिल्यामुळे आखडलंय, हे वेगळं काढलं. वॉर्डांना उजळ रंग दिले, दिवे वाढवले, धरून चालायला कठडे बसवले. रोग्याला उठवायचं, चालवायचं, त्याचे कपडे त्यालाच घालू द्यायचे, असा परिपाठ सुरू केला. हळूहळू माणसं उभी राहिली. कितीतरी जण घरी किंवा वृद्धांच्या निवासात गेले. पुढे पुढे बाईंच्या कामाला २४० खाटा पुरू लागल्या.

हा अनुभव त्यांनी १९४३ आणि १९४६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत मांडला. १९४७ मध्ये वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संस्था स्थापन झाली, त्यातही त्या होत्या. १९६० मध्ये अपघातात त्या गेल्या. इंग्लंडमध्ये आज दवाखान्यातून घरी आलेल्या गरजू माणसाला सहा आठवड्यांपर्यंत घरपोच मदत मोफत मिळू शकते. मदतनीस सगळं करून देत नाही. शेजारी उभी राहून करायला शिकवते आणि हळूहळू स्वतः बाजूला होते. मला त्यात वॉरनबाईच दिसतात.

आमच्याकडे अशी सोय कुठली! पण न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या, कमोडची खुर्ची आणली, लसूण सोलायचं काम सासूबाईंकडे दिलं. सुरुवातीला त्या रागावल्या, रडल्याही. माझाही जीव तुटायचा. नणंदेला वाटलं, मी कंटाळले. खरं सांगते मैत्रिणींनो, भरवणं सोपं असतं, बघत उभं राहणं फार अवघड.

सासूबाई आता पूर्वीसारख्या चालत नाहीत. पण वॉकर धरून ओट्यापाशी जातात आणि आपला चहा आपण करतात. मी दारात उभी असते, हात पाठीमागे बांधून.