चारा टिकविणारे विर्तानेन
आर्तुरी विर्तानेन यांचा जन्म १५ जानेवारी १८९५ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी इथं झाला. तिकडं हिवाळा लांबलचक. साठवलेला हिरवा चारा कुजायचा, प्रथिनं वाया जायची, गाई आटायच्या. चाऱ्यात सौम्य आम्ल मिसळून सामू चारच्या खाली आणला की कुजविणारे जिवाणू थंडावतात नि कस टिकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. मुख्यतः याच कामाबद्दल त्यांना १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ११ नोव्हेंबर १९७३ रोजी ते वारले.

हेच तत्त्व पुढं मासळीलाही लागू पडलं. ताजी डोकी-आतडी बारीक करून त्यात आम्ल घालतात, किंवा मळी व दह्यातल्यासारखे जिवाणू घालून आंबवतात. हे पचायला हलकं खाद्य तळ्यातल्या माशांना चालतं. फिशमीलचा खर्च त्यानं कमी होतो अन् समुद्रातली मासळीही तेवढी वाचते.