संत हेलेना : वृद्धापकाळी जेरुसलेमला गेलेली राजमाता

जेरुसलेमच्या जुन्या शहरात दमास्कस दरवाजातून आत शिरले की थोड्याच अंतरावर खान अल-झैत हा छताखालचा बाजार लागतो. मसाले, मिठाई, कपडे यांच्या दुकानांमधून वाट काढत ख्रिस्ती यात्रेकरू येशूच्या पवित्र कबरीच्या चर्चकडे जातात. हा बाजार रोमनकालीन मुख्य रस्त्याच्या रेषेवर वसलेला आहे. चौथ्या शतकातील मूळ चर्चचे प्रवेशद्वार याच रस्त्यावर उघडत असे. त्याच्या भिंतींचे अवशेष येथील दुकानांच्या मागे शिल्लक आहेत. बाजार आणि तीर्थस्थान यांची ही जवळीक ज्या काळातली, त्या काळाशी सम्राट कॉन्स्टंटाइन यांच्या मातोश्री हेलेना यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

सामान्य कुळातून राजवाड्यात

हेलेना यांचा जन्म इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यास, आजच्या तुर्कस्तानातील द्रेपानम या गावी झाला, असे मानले जाते. त्यांचे कुळ सामान्य होते. प्रवाशांच्या धर्मशाळेत त्या काम करीत, अशी आठवण चौथ्या शतकातील बिशप अँब्रोज यांनी नोंदवून ठेवली आहे. कॉन्स्टंटियस या रोमन सेनाधिकाऱ्याशी त्यांची भेट झाली आणि आजच्या सर्बियातील निश येथे त्यांच्या पोटी कॉन्स्टंटाइन यांचा जन्म झाला.

पुढे कॉन्स्टंटियस यांचा राजकीय उत्कर्ष झाला. सम्राट मॅक्सिमियन यांच्या परिवारातील थिओडोरा यांच्याशी विवाह करण्यासाठी त्यांनी हेलेना यांना दूर केले. त्यानंतरची अनेक वर्षे इतिहासाला हेलेना यांचा ठावठिकाणा लागत नाही. 306 मध्ये सैन्याने कॉन्स्टंटाइन यांना सम्राट घोषित केले आणि या उपेक्षित मातेचे दिवस पालटले. 324 च्या सुमारास त्यांना ऑगस्टा ही सर्वोच्च पदवी मिळाली. त्यांच्या मुद्रेची नाणी पाडण्यात आली आणि द्रेपानमचे नाव हेलेनोपोलिस झाले.

शोकानंतरची यात्रा

हे वैभव निर्वेध नव्हते. 326 मध्ये कॉन्स्टंटाइन यांनी आपला ज्येष्ठ पुत्र क्रिस्पस याला देहदंड दिला. त्यानंतर थोड्याच काळात सम्राज्ञी फाउस्टा यांचाही मृत्यू घडवून आणण्यात आला. या घटनांची कारणे आजही वादग्रस्त आहेत. नातवाच्या मृत्यूनंतर लवकरच, ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या हेलेना पवित्र भूमीच्या यात्रेला निघाल्या. कुटुंबातील रक्तपाताचे प्रायश्चित्त म्हणून त्या गेल्या, असे काही अभ्यासकांना वाटते. साम्राज्याच्या पूर्व भागात नव्या राजवटीविषयी सद्भाव निर्माण करणे हाही हेतू असावा, असे इतरांचे मत आहे.

या यात्रेचे सर्वांत जवळचे वर्णन समकालीन बिशप युसेबियस यांच्या ग्रंथात आढळते. वाटेतील नगरांमध्ये राजमातेने गरिबांना धन आणि वस्त्रे वाटली, खाणींत राबणाऱ्या कैद्यांना मुक्त केले आणि हद्दपार केलेल्यांना परत आणले. लहानसहान गावांतील प्रार्थनागृहांनाही त्यांनी दाने दिली. साध्या वेशात, सर्वसामान्य भाविकांच्या गर्दीत मिसळून त्या प्रार्थनेला उभ्या राहत.

बेथलेहेम येथे येशूच्या जन्माची मानली जाणारी गुहा आणि जेरुसलेमजवळील ऑलिव्ह पर्वत या दोन ठिकाणी चर्च उभारण्याचे श्रेय युसेबियस त्यांना देतात. बेथलेहेमचे चर्च सहाव्या शतकात नव्याने बांधण्यात आले. मात्र जुन्या इमारतीची नक्षीदार मोझाइक फरशी आजच्या जमिनीखाली पाहावयास मिळते. 2012 मध्ये या स्थळाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

क्रूसाची कथा

इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केले. दुसऱ्या शतकात सम्राट हेड्रियन यांनी तेथे एलिया कॅपिटोलिना हे रोमन नगर वसवले. नगराच्या चौक-बाजाराशेजारी, येशूची कबर मानल्या जाणाऱ्या जागी, रोमन देवतेचे मंदिर उभे राहिले. कॉन्स्टंटाइन यांच्या आज्ञेने ते पाडून उत्खनन करण्यात आले आणि 335 मध्ये तेथील भव्य चर्चचे समर्पण झाले.

याच उत्खननात हेलेना यांना येशूचा क्रूस सापडला, अशी श्रद्धा आहे. तीन क्रूसांपैकी खरा कोणता, हे एका आजारी स्त्रीला त्याच्या स्पर्शाने बरे वाटल्यावर कळले, असे कथा सांगते. परंतु युसेबियस या शोधाचा उल्लेख करीत नाहीत. चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत क्रूसाच्या लाकडाची पूजा सुरू झाली होती. त्याच्या शोधाशी हेलेना यांचे नाव मात्र त्यांच्या निधनानंतर सुमारे 60 वर्षांनी जोडलेले दिसते.

1009 मध्ये हे चर्च पाडण्यात आले आणि पुढे पुन्हा उभारण्यात आले. 2016-17 च्या जीर्णोद्धारात कबरीच्या जागेतील चुन्याचे नमुने तपासले असता ते चौथ्या शतकातील, सुमारे 345 चे, असल्याचे आढळले. चर्चमध्ये हेलेना यांच्या नावाचे एक भूमिगत प्रार्थनागृह आहे. तेथे उतरणाऱ्या पायऱ्यांलगतच्या भिंतींवर असंख्य लहान क्रूस कोरलेले आहेत.

यात्रेवरून परतल्यावर 330 च्या सुमारास, पुत्र जवळ असताना हेलेना यांचे निधन झाले. रोममध्ये त्यांच्या दफनासाठी वापरलेली जांभळ्या पाषाणाची शवपेटी व्हॅटिकन संग्रहालयात आहे. तिच्यावर घोडेस्वार सैनिक कोरलेले असल्याने ती मुळात राजघराण्यातील एखाद्या पुरुषासाठी घडवली असावी, असे मानतात.

त्यांच्या आधीही काही ख्रिस्ती भाविक जेरुसलेमला गेले होते. परंतु राजमातेच्या प्रवासानंतर या वाटेला प्रतिष्ठा लाभली. 333 मध्ये फ्रान्समधील बोर्डोहून आलेल्या एका अनामिक यात्रेकरूने मार्गातील मुक्कामांची नोंद ठेवली. त्याने जेरुसलेम आणि बेथलेहेमची नवी चर्च डोळ्यांनी पाहिली होती. 14 सप्टेंबर रोजी साजऱ्या होणाऱ्या पवित्र क्रूसाच्या सणाला भारतातील ख्रिस्ती समाजही हेलेना यांचे स्मरण करतो. क्रूसाच्या शोधाविषयी इतिहासाला खात्रीने बोलता येत नाही. एकेकाळी प्रवाशांची सेवा करणारी स्त्री आयुष्याच्या अखेरीस स्वतः प्रवासी झाली आणि तिच्यामागून असंख्य माणसे त्या वाटेने गेली, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.