चौसष्ट घरांचा राजा

म्हैसूरचा दसरा पाहावयास गेलेले यात्रिक थोरल्या राजवाड्यानेच तृप्त होऊन परततात. जवळच्या जगन्मोहन राजवाड्याच्या भिंतींवर रंगविलेले खेळांचे पट फार थोड्यांच्या नजरेत भरतात. हे पट ज्यांच्या ध्यासातून जन्मले, त्या मुम्मडी कृष्णराज वडेयर यांचे चरित्र पालकांनी आवर्जून मनन करावे असे आहे.

कृष्णराजांचा जन्म १७९४ चा. टिपूच्या पाडावानंतर १७९९ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, ते गादीवर बसले. आरंभी दिवाण पूर्णय्या कारभार पाहत. पुढे तो महाराजांकडे आला. परंतु १८३१ मध्ये गैरकारभाराचा ठपका ठेवून इंग्रजांनी तो काढून घेतला. त्यानंतरची सदतीस वर्षे, १८६८ मधील देहावसानापर्यंत, ते नामधारी राजे राहिले.

या काळात त्यांचे चित्त खेळांत रमले. बुद्धिबळातील घोडा चौसष्ट घरांतून प्रत्येक घरी एकदाच कसा फिरेल, या कोड्याने त्यांना झपाटले. घोड्याच्या या फेऱ्यांना त्यांनी आकड्यांच्या जादूच्या चौरसांची व श्लोकांची जोड दिली. गंजिफाही त्यांनी सोडला नाही. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० पाने असतात. कृष्णराजांनी रचलेल्या खेळांपैकी सर्वांत मोठ्यात ३६० पाने होती. ‘श्रीतत्त्वनिधी’ या त्यांच्या सचित्र ग्रंथाचे नऊ निधी असून त्यांतील कौतुकनिधी खेळांना वाहिलेला आहे.

हा केवळ रिकामपणाचा विरंगुळा नव्हता. याच राजाने १८३३ मध्ये म्हैसुरात इंग्रजी शाळा काढली आणि १८६५ मध्ये दत्तक घेऊन वारसाहक्कासाठी चिकाटीने झुंज दिली. त्यांच्या पश्चात, १८८१ मध्ये, राज्य दत्तकपुत्र चामराजेंद्रांच्या हाती परत आले.

एकाच विषयाची अशी उत्कट ओढ स्वमग्न मुलांत पुष्कळदा आढळते. दिवंगत राजावर आज निदान लादणे उचित नव्हे. परंतु त्यांचे चरित्र आपल्याला एक प्रश्न विचारते. राजाचा छंद ग्रंथात व भित्तिचित्रांत जपला जातो. रेल्वेची वेळापत्रके मुखोद्गत करणाऱ्या किंवा तासन्‌तास नकाशे न्याहाळणाऱ्या आपल्या मुलाचा छंद मात्र आपण खोड म्हणून मोडावयास का निघतो? वेळापत्रकातून वजाबाकी शिकविता येते, नकाशातून इतिहास उलगडतो. आणि ज्याला समवयस्कांशी बोलणे जड जाते, तो आपल्या आवडीच्या विषयावर मोकळेपणाने बोलू लागतो. झोप, जेवण व अभ्यास यांच्या वेळा अवश्य सांभाळाव्यात. पण त्या मुलाच्या पटापाशी घटकाभर आपणही बसावे. त्याच्या मनात शिरण्याची वाट बहुधा त्याच घरांतून जाते.