दीड दिवसाची शाळा : लोकशाहीर अण्णाभाऊ साठे



दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाचा पाठ शिकवताना 1948 आणि 1994 ही साले मुले चटकन पाठ करतात. पण जन्मावरून माणसाला वेगळे काढले की त्याचा दिवस कसा जातो, हे सालांवरून कळत नाही. म्हणून आम्ही वर्गात तिथले चित्रकार जेरार्ड सेकोटो यांचे ‘कुदळीचे गाणे’ हे चित्र दाखवतो. काळ्या मजुरांची एक रांग, एकाच लयीत उगारलेल्या कुदळी आणि मागे उभा गोरा मुकादम. बेल्लमपल्लीच्या मुलांना कुदळ समजावून सांगावी लागत नाही. त्यानंतर मात्र आम्ही त्यांना आपल्याच भाषेतील एका कलावंताकडे नेतो, कारण असा प्रकार फक्त आफ्रिकेत घडला असे त्यांना वाटू नये.

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णाभाऊ, यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी सध्याच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मांग कुटुंबात झाला. (आपल्या कोळसा कंपनीला सिंगरेणी हे नाव मिळाले तेही 1920 सालीच.) इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आणला. या कायद्याने कित्येक जमातींना जन्मापासूनच चोर ठरवले. काही केले नसले तरी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. आफ्रिकेत काळ्या माणसाला जवळ पास बाळगावा लागे; आपल्याकडे हजेरी होती. स्वातंत्र्यानंतर 1952 साली हा कायदा देशभरातून गेला.

अण्णाभाऊ शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस. तिथे मिळालेल्या वागणुकीने ते परत फिरले नाहीत. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून हे वाचताना आम्हाला फार लागते. आईवडिलांबरोबर ते पायी मुंबईला आले, हमाली केली, गिरणीत राबले आणि दुकानांच्या पाट्या व सिनेमाची पोस्टरे पाहत अक्षरे शिकले.

1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफावर थाप मारली, तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील ‘फकिरा’ (1959) डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केलेली आहे. नायक त्यांच्याच नात्यातला. दुष्काळात उपाशी लोकांसाठी धान्य लुटणारा हा माणूस सरकारी कागदात दरोडेखोर होता. 1961 साली या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

वर्गात वाचायला आम्ही त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घेतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे प्रेमचंदांची ‘कफन’ आम्हाला पाठ होती. ही कथा तिच्या शेजारी ठेवावी अशी आहे. भीमा हा वारणेच्या खोऱ्यातून मुंबईकडे आलेला धिप्पाड माणूस, दगडाच्या खाणीत कामाला असतो. खाण अचानक बंद पडते. एके दिवशी त्याला चितेच्या राखेत सोन्याचा तुकडा सापडतो, आणि पोरीबाळीचे पोट भरायला तो रात्री स्मशाने धुंडाळू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो प्रेत उकरतो आणि त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात. दोन बोटे कापावी लागतात. त्याच दिवशी बातमी येते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आहे.

इथे वर्ग गप्प होतो. आपल्या गावाने बंद झालेल्या खाणी पाहिल्या आहेत. भीमाने चूक केली की नाही, यावर नववीची मुले तास संपला तरी भांडत राहतात, आणि आम्ही निकाल देत नाही.

काही पालक विचारतात, जुने अपमान मुलांना कशाला सांगायचे? ज्यांच्या घरात ते अपमान सोसले गेले, त्या मुलांना ते आधीच ठाऊक असतात. बाकीच्यांना ठाऊक नसतात, आणि दोघे एकाच बाकावर बसतात.

1961 साली अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले, त्यावर प्रवासवर्णनही लिहिले. पण त्यांची बरीच वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेली. 18 जुलै 1969 रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्याआधी, गरिबीतच ते गेले. 2002 साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, 2022 साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला.

येत्या 1 ऑगस्टला नववी-दहावीची मुले ही कथा सर्वांसमोर वाचणार आहेत. खाणीतून निवृत्त झालेल्या आजोबांनी जरूर यावे. वाचन झाल्यावर मुलांना त्यांना काही विचारायचे आहे.